खेळाच्या तासाला अर्धा वर्ग उभाच राहतो: बिघाड शोधायचा कसा, बदलायचं काय

तक्रार साधारण अशी असते. चाळीस मुलांचा वर्ग मैदानावर नेला, खेळ सुरू केला, आणि दहा-बारा मुलं जीव तोडून खेळतात. बाकीची उभी. कुणी बुटाची लेस सोडून पुन्हा बांधतंय, कुणी पाणी प्यायला जाऊ का विचारतंय, कुणाच्या पोटात नेमकं याच तासाला दुखतं. ओरडलं की दोन मिनिटं हालचाल होते, मग पुन्हा तेच. नवा खेळ आणला की आठवडाभर बरं चालतं, त्यानंतर ये रे माझ्या मागल्या.

पहिली ते पाचवीचे पीटीचे तास घेताना मी हा त्रास बरीच वर्षं काढला आणि तितकीच वर्षं त्याचा दोष मुलांवर टाकला. हा आळशी, ती लाजाळू, याला खेळाची आवडच नाही. आता मात्र खात्री झाली आहे की बहुतेक वेळा मूल आपण दिलेल्या खेळाचं तंतोतंत ऐकत असतं. खेळच त्याला सांगतो, "तू थांब." म्हणून सुधारणेची सुरुवात खेळाच्या रचनेपासून करायची. मुलाकडे वळायचं ते सगळ्यात शेवटी. खालचा क्रमही तसाच ठेवला आहे.

आधी एका मुलाचं घड्याळ लावा

काहीही बदलण्याआधी एक तास मोजून बघा. हजेरीपटातलं मधलं कुठलंही एक नाव उचला. वर्गातलं सगळ्यात चपळ मूल नको, सगळ्यात मागे राहणारंही नको. सहकारी शिक्षकाला विनंती करा, किंवा कुणी नसेल तर मोबाइल एका कोपऱ्यात उभा करून चित्रण करा आणि मोजून झाल्यावर पुसून टाका. ते मूल हलत असेल तेवढाच वेळ घड्याळ चालू ठेवायचं. उभं आहे, ऐकतंय, पाळीची वाट बघतंय, तेव्हा घड्याळ बंद. सोबत एक दुसरी मोजणी करा: चेंडूला, दोरीला किंवा जे काही साहित्य असेल त्याला त्या मुलाचा हात किती वेळा लागला.

मी हे पहिल्यांदा केलं ते दुसरीच्या वर्गात. तास मला छान वाटला होता. आवाज होता, हशा होता, शिस्त होती. ज्या मुलीचं घड्याळ लावलं होतं ती पस्तीस मिनिटांत चार मिनिटं दहा सेकंद हलली होती आणि चेंडू तिच्या हातात तीनदा आला होता. त्यातही एकदा तो घरंगळत तिच्याजवळ आला म्हणून तिने उचलून दुसऱ्याला दिला होता.

हा आकडा किती असायला हवा? तासाचा निदान निम्मा वेळ मूल मध्यम किंवा जोरदार हालचालीत असावं, हा शारीरिक शिक्षणात सर्वत्र मानला जाणारा मापदंड आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं अशी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते सगळं शाळेच्या एका तासात होणार नाही, पण चार मिनिटांचं समर्थनही करता येत नाही.

आकडा हातात आला की कारण शोधणं सोपं जातं, कारण मूल *केव्हा* थांबलं हे तुम्ही बघितलेलं असतं. रांगेत थांबलं, बाद होऊन थांबलं, जमत नाही म्हणून थांबलं, की तुमचं बोलणं संपायची वाट बघत थांबलं? या चारही थांबण्यांचा इलाज वेगळा आहे.

रांगेत थांबलं असेल तर

सगळ्यात जास्त वेळ रांग खाते, आणि ती शिस्तीसारखी दिसते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. हिशेब मांडून बघू. ३५ मिनिटांचा तास. बाहेर येणं, हजेरी, सूचना, परत जाणं यात १० मिनिटं गेली. उरली २५, म्हणजे १५०० सेकंद. चाळीस मुलांच्या चार रांगा, प्रत्येकीत दहा मुलं. एका पाळीला २० सेकंद लागतात असं धरलं तर पुन्हा पाळी येते २०० सेकंदांनी. म्हणजे तासभरात साडेसात पाळ्या, आणि प्रत्यक्ष हालचाल १५० सेकंद. अडीच मिनिटं. उरलेली साडेबावीस मिनिटं आपण मुलाला रांगेत उभं राहायला शिकवत असतो आणि मग ते धक्काबुक्की करतं म्हणून रागावत असतो.

आता याच मुलांच्या चार-चारच्या दहा रांगा करा. खेळ तोच, पाळी तेवढीच. पाळी येते ८० सेकंदांनी, पावणेएकोणीस पाळ्या होतात आणि हालचाल सव्वासहा मिनिटांवर जाते. एक पैसा खर्च न करता, नवा खेळ न शोधता दुपटीहून जास्त. म्हणून मी रिले शर्यत सोडलेली नाही. मुलांना ती मनापासून आवडते. पण एका संघात चारपेक्षा जास्त मुलं घेत नाही, आणि जागा असेल तर तीनच.

लहान मुलांचं शरीर तसंही लांब थांबण्याला आणि लांब पळण्याला, दोन्हींना राजी नसतं. ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या हालचाली काही सेकंदांच्या अंतराने नोंदवणारा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात जोरदार हालचालीच्या एका तुकड्याचा मध्यक (निम्मे तुकडे याहून छोटे, निम्मे मोठे) अवघा ३ सेकंद निघाला, आणि हलक्या व मध्यम हालचालीचा ६ सेकंद. मूल झेपावतं, थबकतं, वळतं, पुन्हा पळतं. म्हणून पाच-सात सेकंद थांबून दम खाणाऱ्या मुलाला "का थांबलास?" विचारू नका, ते त्याच्या वयाला साजेसंच वागतंय. आणि मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावू नका. तो मोठ्यांचा व्यायाम आहे.

रांगेचा आणखी एक तोटा बराच उशिरा कळतो. रांगेत काही मुलं हळूच मागे सरकत असतात. पाळी जवळ आली की मागच्याला पुढे करतात, लेस बांधायला वाकतात, परत शेवटी जाऊन उभी राहतात. नियम मोडत नाहीत, गोंधळ करत नाहीत, त्यामुळे शिक्षकाच्या डोळ्यांत भरतच नाहीत. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकातच अशा मुलांची नोंद केली होती: खेळात असल्यासारखं दाखवत खेळ टाळण्यात तरबेज झालेली मुलं. माझी ती दुसरीतली मुलगी यातलीच होती. चित्रणात ती दोनदा मागे सरकलेली दिसली. मी तिथेच दहा पावलांवर उभी होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

छोटे गट करायचे तर साहित्य जास्त लागतं आणि शाळेत चेंडू असतात चार. इथे बरेच जण थांबतात. पण प्राथमिकच्या मुलांना खरा चेंडू लागतोच असं नाही. रद्दी कागद चुरगाळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली की फेकायचा चेंडू तयार. जुन्या मोज्यांची घट्ट गुंडाळी झेलायला उत्तम. मुठीएवढी कापडी पिशवी शिवून तिच्यात वाळू किंवा दाणे भरले तर त्याहून उत्तम, कारण ती पडली तिथेच राहते. गोल चेंडू घरंगळतो आणि मुलाचा निम्मा वेळ त्याच्यामागे धावण्यात जातो. फेकण्याचा सराव हवा असेल तर न घरंगळणारी वस्तू घ्या. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे माझ्या वर्गातली फेकण्याची संख्या एका तासात कुठल्या कुठे गेली.

स्टेशन पद्धतही याच दुखण्यावर चालते. मैदानावर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी कामं मांडायची, मुलांचे गट तीन-तीन मिनिटांनी पुढच्या ठिकाणी सरकतात. पहिल्याच दिवशी सहा स्टेशन मांडू नका, फसतं. तीनपासून सुरू करा, आणि त्यातलं एकच काम नवीन असू द्या. बाकीची दोन मुलांना आधीपासून येणारी: दोरीवरच्या उड्या, खडूच्या रेषेवर तोल सांभाळत चालणं. तुम्ही नव्या कामापाशी उभं राहा, पाठ मैदानाच्या कडेला ठेवून, म्हणजे सगळा वर्ग नजरेत राहील. फेकण्याचं स्टेशन नेहमी कडेला आणि तोंड बाहेर, शक्यतो भिंतीकडे. भिंत चेंडू परत देते आणि कुणाला लागतही नाही.

एकाच चेंडूची मोठी मॅच

हीसुद्धा एक रांगच आहे, फक्त ती गोल फिरते. वीस विरुद्ध वीस फुटबॉल खेळवला की चेंडूभोवती मधमाश्यांसारखं मोहोळ जमतं आणि कडेला पंधरा मुलं गवत उपटत बसतात. जागा वाटून दिल्या तरी फरक पडत नाही, कारण सात वर्षांच्या मुलाला रिकामी जागा दिसतच नाही, त्याला फक्त चेंडू दिसतो. तीन विरुद्ध तीन खेळवा. मैदानाचे सहा-सात तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात एक चेंडू, गोलरक्षक नाही, खडूने किंवा दोन दगडांनी केलेला छोटा गोल. रॉड थॉर्प आणि डेव्हिड बंकर यांनी १९८२ साली खेळ समजून शिकवण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात हेच आहे: खेळ मुलाच्या आवाक्यात येईल इतका छोटा करायचा, मग त्यातले प्रश्न मुलाला स्वतः सोडवू द्यायचे. तिघांच्या संघात कुणाला लपायला जागा नसते, आणि चेंडू येतोच.

पंच कोण, हा प्रश्न लगेच येईल. कुणीच नाही. भांडण झालं तर चेंडू खाली ठेवायचा, हाताच्या खुणेने निकाल लावायचा, पुढे खेळायचं. पहिले दोन आठवडे भांडणं होतील. होऊ द्या.

बाद होऊन थांबलं असेल तर

शिवाशिवी, संगीत खुर्ची, डॉजबॉल (चेंडू अंगावर मारून बाद करायचा खेळ) या खेळांत पहिल्या मिनिटाला कोण बाद होतं? ज्याला पळता येत नाही, ज्याचा तोल जातो, ज्याला चेंडू चुकवता येत नाही. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे त्याला आपण सगळ्यात आधी बसवतो, आणि ज्याला गरज नाही तो शेवटपर्यंत खेळतो. अमेरिकेतले शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक नील विल्यम्स यांनी १९९२ साली शाळेत न घ्यावेत अशा खेळांची यादीच प्रसिद्ध केली होती. तिच्यात डॉजबॉल होता, संगीत खुर्ची होती, रिले शर्यतीही होत्या. त्यांची कसोटी सरळ होती: मुलं बाहेर काढली जातात का, सगळ्या वर्गासमोर कुणाची फजिती होते का, प्रत्यक्ष खेळण्याचा वेळ नगण्य आहे का. रिलेबद्दल मी त्यांच्याइतकी कडक नाही, छोट्या संघांनी तिची धार जाते. डॉजबॉल मात्र मी बंद केला आहे. मुलाच्या अंगावर नेम धरून मारणं हे काम प्राथमिकच्या तासाला का असावं याचं उत्तर मला सापडलं नाही.

बाकीचे खेळ सोडायची गरज नाही. "बाद" हा शब्द काढा आणि तिथे "परत ये" बसवा. शिवाशिवीत ज्याला हात लागला त्याने कडेला जाऊन दहा वेळा चेंडू टप्पा मारून झेलायचा आणि पुन्हा आत यायचं. विषामृत हा खेळ तर मुळातच तसा आहे, विष बाधलेल्याला दुसरा कुणीतरी अमृत देऊन सोडवतो. त्यात पळणाऱ्यालाही काम आणि सोडवणाऱ्यालाही.

एक जागा इथे जपायची. एकाच मुलावर राज्य असलं आणि ते मूल संथ असलं की सगळा वर्ग त्याला चिडवत फिरतो, त्याला कुणी सापडत नाही, आणि शेवटी ते रडकुंडीला येतं. मी चाळीस मुलांत एका वेळी चौघांवर राज्य देते आणि मिनिटभराने शिट्टी मारून चौघे बदलते, कुणी सापडलं असो वा नसो. राज्य कुणावर अडकून राहत नाही. हात लावायचा तो उघड्या तळव्याने, खांद्यावर किंवा पाठीवर. ढकलणं नाही. हे तीन वेळा करून दाखवावं लागतं.

संगीत खुर्चीऐवजी जमिनीवर खडूची वर्तुळं काढा. प्रत्येक वेळी वर्तुळं कमी होतात, मुलं कमी होत नाहीत. शेवटी चार वर्तुळांत सगळ्यांनी एकेक पाय तरी टेकवायचा असतो, त्यासाठी एकमेकांना धरावं लागतं. मघाशी ज्या मुलाने शेजाऱ्याला ढकललं असतं तेच आता त्याला पडू नये म्हणून धरून ठेवतं.

जमत नाही म्हणून थांबलं असेल तर

या भागावर मला थोडं सावकाश बोलायचं आहे, कारण मुलाच्या मनात खोलवर जाऊन बसतं ते हेच.

उंच उडीसाठी दोघांनी दोरी आडवी धरली, गुडघ्याएवढी. तीस मुलं सहज पार गेली, दहा अडखळली. दोरी वर केली, आणखी दहा बाहेर. शेवटी तीन मुलं उड्या मारतायत आणि सदतीस बघतायत. आता दोरीचं एक टोक जमिनीला टेकवा आणि दुसरं कमरेएवढं वर धरा. दोरी तिरकी झाली. प्रत्येक मूल आपल्याला झेपेल त्या जागेवरून उडी मारतं, कुणी बाद होत नाही, आणि दहा जण एकाच वेळी उडी मारू शकतात. शारीरिक शिक्षणातल्या अध्यापनशैलींची मांडणी १९६६ साली करणाऱ्या मस्का मॉस्टन यांचं हे प्रसिद्ध उदाहरण. मी कितीतरी तास शिबिरांत बसून जे शिकले नाही ते या एका दोरीने शिकवलं. (दोरी सैल धरायची. पाय अडकला तर हातातून सुटली पाहिजे. खांबाला बांधायची नाही.)

तिरकी दोरी कुठेही लावता येते. नेमबाजीत भिंतीपासून तीन रेषा आखा, जवळची, मधली, लांबची. टोपली तीन आकारांची. झेलायला फुगा, मोठा मऊ चेंडू आणि छोटा चेंडू. कुठून आणि कशाने, हे मूल ठरवेल.

झेलण्याचंच घ्या. पाच-सहा वर्षांच्या मुलाकडे चेंडू टाकला की ते मान वळवतं, डोळे मिटतं, दोन्ही हात ताठ पुढे करतं आणि चेंडू छातीशी कवटाळायला बघतं. ही चूक नाही, झेल घेण्याची ती सुरुवातीची पायरीच आहे. पण या पायरीवर असताना त्याला कडक चेंडू दिला आणि तो एकदा तोंडावर बसला, की मान वळवणं पक्कं होतं आणि पुढे वर्षानुवर्षं जात नाही. फुगा सावकाश खाली येतो. डोळ्यांना त्याच्यामागे जायला वेळ मिळतो, हातांना तयार व्हायला वेळ मिळतो, आणि लागला तरी लागत नाही. "चेंडूकडे बघ, चेंडूकडे बघ" असं शंभरदा सांगण्यापेक्षा एक फुगा जास्त शिकवतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र लगेच उचला, लहान मुलं ते तोंडात घालतात आणि घशात अडकू शकतात.

माझी ती मागे सरकणारी मुलगी पहिले दोन आठवडे फुग्यालाच चिकटून होती. मला राहवत नव्हतं. "आता चेंडू घेऊन बघ" हे वाक्य जिभेच्या टोकावर यायचं. मी बोलले नाही, कारण ते बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं असतं आणि तिला कळलं असतं की फुगा ही खालची जागा आहे. त्याऐवजी सगळ्या वर्गाला एकच नियम दिला: पाच वेळा करा. पाचही जमले तर एक पायरी अवघड करा. दोन किंवा त्याहून कमी जमले तर एक पायरी सोपी करा. मधले असतील तर तिथेच राहा. हा नियम सगळ्यात चपळ मुलालाही लागू होता, आणि त्यालाही दोनदा सोप्याकडे यावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात तिने न सांगता मऊ चेंडू उचलला.

तुमचं बोलणं संपायची वाट बघत असेल तर

हे तपासायला मोबाइलचं चित्रण फार उपयोगी. माझ्या तासात सूचनांची एकूण साडेसहा मिनिटं निघाली होती. एका दमात सात नियम सांगायचे आणि मग "कळलं?" विचारायचं, मुलं "हो" म्हणायची, खेळ सुरू झाला की कुणालाच कळलेलं नसायचं.

आता मी दोन नियम सांगून खेळ सुरू करते. मिनिटभर खेळू देते, थांबवते, तिसरा नियम देते. बोलणं अर्ध्या मिनिटाच्या वर जात असेल तर करून दाखवते. ऊन असेल तर माझ्या डोळ्यांवर, मुलांच्या पाठीवर. साहित्य सगळ्यात शेवटी वाटायचं, कारण हातात चेंडू असलेलं मूल ऐकू शकत नाही. वाटून झालं असेल तर "चेंडू दोन पायांच्या मध्ये ठेवा" म्हणायचं. आणि "जा" हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला कधीच नाही. "जा आणि तिथल्या रेषेपाशी..." एवढं ऐकलं की अर्धी मुलं निघालेली असतात. "मी टाळी वाजवली की" असं आधी म्हणायचं.

थांबण्याची खूण हा स्वतंत्र धडा आहे. वर्षाच्या सुरुवातीचे दोन आठवडे मी तोच एक खेळ म्हणून खेळवते: पळा, शिट्टी, पुतळा. पळा, शिट्टी, पुतळा. थांबायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पुन्हा. या दोन आठवड्यांत जे कमावतो ते वर्षभर पुरतं.

संघ पाडण्यातही वेळ जातो. दोन कप्तानांनी एकेक नाव उचलायची पद्धत कृपा करून सोडा. शेवटी उरलेल्या मुलाला ते कायम लक्षात राहतं. जवळच्या कुणाच्या तरी पाठीला पाठ लावून उभं राहायला सांगा, जोड्या झाल्या. दोन जोड्या मिळून चौघं. दहा सेकंदांत काम होतं आणि दर खेळाला जोड्या बदलता येतात. तसंच, शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणं. ज्या मुलाने पळण्यावर प्रेम करावं असं आपल्याला वाटतं, त्यालाच आपण पळणं ही शिक्षा आहे असं शिकवतो. यावर जास्त बोलायची गरज नाही.

हे सगळं करूनही एखादं मूल उभंच असेल तर

आता मुलाकडे वळायचं, आणि एकट्याला, बाजूला घेऊन, सगळ्यांदेखत नाही.

पळल्यावर थोड्या वेळाने खोकला येतो, छातीत घरघर होते, इतरांचा दम परत आला तरी याचा येत नाही, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर पालकांशी बोला आणि डॉक्टरांना दाखवायला सुचवा. दमा असलेली मुलं खेळू शकतात, पण तो ओळखला गेलेला हवा. तोवर अशा मुलाला जबरदस्तीने पळवू नका. चेंडू नेमका जवळ आल्यावरच दचकणारं, पायऱ्यांवर अडखळणारं मूल असेल तर डोळे तपासायला सांगा. आणि काही मुलं सगळं दिसत, ऐकू येत, समजत असूनही सतत धडपडतात, दोरीवरची उडी, बटण लावणं, लिहिणं, सगळ्यातच अवघडतात. शरीराच्या हालचालींचा मेळ बसण्याच्या विकासातला हा दोष शाळेच्या वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांत असतो, म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघं धरायला हरकत नाही. निदान करणं आपलं काम नाही. "वेंधळा" हा शब्द वर्गातून हद्दपार करणं मात्र आपलं आहे, आणि त्यांच्यासाठी दोरीचं खालचं टोक नेहमी जमिनीला टेकलेलं ठेवणंही.

कालपर्यंत खेळणारं मूल अचानक थांबलं तर खेळ तपासू नका. कुणी काही बोललंय का ते शोधा.

महिन्याभराने पुन्हा तेच सुरू झालं तर

होतं. माझ्याकडे दरवर्षी होतं, आणि कारणं ठरलेली आहेत.

एक म्हणजे चपळ मुलं कंटाळतात आणि "मॅडम, खरी मॅच घ्या ना" सुरू होतं. त्यांचं म्हणणं खरं असतं. तिरकी दोरी आपण खालच्या टोकाने लावली आणि वरचं टोक पुरेसं उंच धरलंच नाही. त्यांना कमकुवत हाताने टप्पा मारायला द्या, तीन विरुद्ध तीनमध्ये गोल अर्धा करा, दोन पास झाल्याशिवाय गोल नाही असं ठरवा.

दुसरं म्हणजे वार्षिक क्रीडा स्पर्धा जवळ येतात आणि तास निवडक मुलांच्या सरावाला दिला जातो. बाकीचे टाळ्या वाजवायला. स्पर्धेचा सराव तासाबाहेर घ्या. मुख्याध्यापकांकडे हा आग्रह धरताना मोजलेले आकडे सोबत न्या. "मुलांना वेळ मिळत नाही" यापेक्षा "या मुलाला पस्तीसपैकी चार मिनिटं मिळाली" हे जास्त ऐकलं जातं.

तिसरं, पाऊस. मैदान बंद, वर्गात बाकं, आणि तास गणिताला जातो. बाकांमधल्या वाटेत उभ्या-उभ्या तोल सांभाळणं, जोडीने मोज्यांची गुंडाळी झेलणं, खुर्चीवरून पन्नास वेळा उठणं-बसणं, एवढं तरी होतंच.

आणि चौथं कारण, जे मला फक्त घड्याळामुळे सापडलं. मी दर महिन्याला वेगळ्या मुलाचं घड्याळ लावते. गेल्या खेपेला तिसरीतल्या सगळ्यात चपळ मुलाचं लावलं, तो तर भरपूर हलत असणार या खात्रीने. तो अकरा मिनिटं उभा होता. स्टेशनचं साहित्य मांडायला, चेंडू गोळा करायला, लहानांना दाखवायला मी प्रत्येक वेळी त्यालाच बोलावत होते, कारण तो झटपट करतो. त्याने कधी तक्रार केली नव्हती. आता साहित्याची जबाबदारी दर आठवड्याला एका गटाची आहे, आणि ते काम तास सुरू होण्याआधी संपवायचं असतं.